सैल पट्टा

मंडळी, या वेळचं सदर जरा तेलकट आहे. वाचताना जवळ एखादं फडकं असू द्या.

गेल्या दिवाळीनंतर बाड्यामागच्या आमच्या जुन्या घराचा सौदा ठरला आणि तीन महिन्यांत घर रिकामं करून द्यायचं झालं. पितळी भांडी आत्याकडे गेली, देव काकांकडे, झोपाळा चुलतबहिणीकडे. शेवटी उरलं ते तळमजल्यावरचं दुकान, आणि दुकानात उरलं अण्णांचं ड्रिल मशीन. अण्णा म्हणजे माझे आजोबा. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मशीन त्या दिवसापासून पोत्याखाली झाकलेलं होतं.

भंगारवाल्याने पोतं उचललं, ओतीव लोखंडावर बोटाने टकटक केली आणि किलोचा भाव सांगितला. मी बाबांकडे पाहिलं. मिठाईच्या खोक्याची सुतळीसुद्धा गुंडाळून ठेवणारा हा माणूस. ते मशीनकडे न बघताच म्हणाले, "देऊन टाक."

"राहू दे दोन दिवस," मी म्हणालो. का म्हणालो, ते तेव्हा मलाही नीट कळलं नव्हतं.

ज्यांनी ग्वाल्हेर पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून मुक्काम हलवला आणि किल्ल्याच्या दक्षिणेला त्यांच्या सैन्याची छावणी पडली. ती छावणी म्हणजेच लश्कर, आणि महाराज बाडा हा त्या लश्कराचा मध्य. मधोमध जयाजीरावांचा पुतळा. भोवती गोरखी, टाउन हॉल, पोस्ट, बँक, सरकारी छापखाना आणि व्हिक्टोरिया मार्केट, म्हणजे आगीत जळून पुन्हा उभं राहिलेलं आणि आता भूविज्ञानाचं संग्रहालय झालेलं. एक इमारत दुसरीसारखी नाही. इमारती सगळे बघतात, पण बाड्याचा जीव आहे तो मागच्या गल्ल्यांमध्ये. तिथल्याच एका गल्लीत १९५८ पासून अण्णांचं दुरुस्तीचं दुकान होतं. शिवणयंत्रं, पंखे, सायकली, कुलपं, जे येईल ते.

ग्वाल्हेरची मराठी माणसं दरबारी नोकरी, फौज, शिक्षण आणि गाणं यांसाठी ओळखली गेली. लेथ आणि ड्रिलसाठी नाही. अण्णांना त्याचीच खंत होती. त्यांचं दैवत होते लक्ष्मणराव किर्लोस्कर. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवणारा माणूस नोकरी सोडून बेळगावात सायकलींच्या धंद्यात उतरतो, कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवतो आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर कारखाना काढतो, ही गोष्ट अण्णा सत्यनारायणाच्या कथेसारखी सांगायचे. औंध केवढंसं, आणि आपलं ग्वाल्हेर केवढं! मग आपल्या गल्लीत एक छोटी किर्लोस्करवाडी का होऊ नये? त्यासाठी त्यांना एकच गोष्ट हवी होती. मुलगा हाताशी.

तो मुलगा म्हणजे बाबा. कॉलेज संपवून ते दुकानात बसू लागले. दोन वर्षं बसले. १९८३ च्या गणपतीत एका गिऱ्हाइकाचं काम होतं, लोखंडी पट्ट्यांवर रांगेत भोकं पाडायचं. बाबांनी पाडलेली सगळी भोकं रेघ सोडून सरकली आणि मोठीही झाली. त्याच मशीनवर अण्णांनी तेच काम पुन्हा केलं, भोकं रेघेवर पडली. मग गिऱ्हाइकासमोरच अण्णा म्हणाले, "याच्या हातातच खोट आहे."

बाबांनी बँकेची परीक्षा दिली आणि पास झाले. पुढची सदतीस वर्षं त्यांनी बँकेत काढली. आमच्या घरात भिंतीत खिळा ठोकायचा असला तरी माणूस बोलवत. कुणी विचारलं तर हसून म्हणत, "माझ्या हाताला गुण नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मला तो त्यांचा विनोद वाटायचा.

असो. मशीनकडे येऊ.

हे टेबलावर ठेवायचं ड्रिल. बनवणाऱ्याच्या नावाची पितळी पट्टी केव्हाच गेलेली, तिच्या जागी दोन भोकं. माझ्याकडचा एकही मेट्रिक पाना नीट बसेना. बोल्टचे आटे तपासले तर ५५ अंशांचे निघाले, म्हणजे व्हिटवर्थ, जुनं इंग्रजी माप. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, त्यामुळे आधीच्या पिढीतल्या यंत्रांमध्ये असं इंच-सूत भेटतंच. मशीन रेल्वेच्या लिलावातलं की गिरणीच्या, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. पुरावा दोघांकडेही नाही.

आधी वायर काढून ठेवली. मग टेबलावर डायल गेज लावून त्याची सुई चकला टेकवली आणि चक हाताने मागे-पुढे ढकललं. काटा ०.६ मिलिमीटर सरकला. धडधाकट ड्रिलमध्ये तो चार-पाच शतांश मिलिमीटरच्या पलीकडे जायला नको. इथे दहापटीहून जास्त. डावी-उजवीकडे ढकललं तर हालचाल बरीच कमी होती. ही गोष्ट डोक्यात राहिली.

आता थोडी शरीररचना. ड्रिलचा बिट ज्या दांड्याला लागतो तो स्पिंडल. तो एका जाड पोलादी नळीच्या आत फिरतो, आणि बाजूचा दांडा ओढला की ही नळी स्पिंडलला घेऊन खाली येते. हिला स्लीव्ह म्हणतात. स्लीव्हच्या आत वर एक आणि खाली एक अशा दोन कांस्याच्या बांगड्या ठोकून बसवलेल्या असतात. त्यांना बुश म्हणतात. स्पिंडल त्यांच्या आधाराने फिरतो आणि मध्ये तेलाचा पातळ पडदा असतो.

स्पिंडल पोलादाचा आणि बुश मुद्दाम मऊ धातूचा. दोन धातू एकमेकांवर घासणार तर झीज कुणाच्या तरी वाट्याला येणारच. मग ती स्वस्त आणि बदलता येणाऱ्या भागाच्या वाट्याला यावी, असा हिशोब. बुश झिजतो तो खराब असतो म्हणून नाही, ते त्याचं कामच आहे. फक्त वेळेवर कुणीतरी तो बदलायला हवा.

स्पिंडल बाहेर काढून मायक्रोमीटर लावला. मूळ माप पाऊण इंच, म्हणजे १९.०५ मिलिमीटर. भरला १९.०३. इतक्या वर्षांत फक्त दोन शतांश झीज, तीही चहूबाजूंनी सारखी. खालच्या बुशचं भोक मात्र गोल राहिलेलंच नव्हतं. डावी-उजवीकडे १९.१२ आणि मागे-पुढे १९.४५. लंबगोल, आणि झीज सगळी पुढच्या बाजूला. वरच्या बुशमध्ये झीज कमी, पण ती मागच्या बाजूला.

असं का, हे कळायला मला एक संध्याकाळ लागली. मोटर मशीनच्या मागे, पुली स्पिंडलच्या वरच्या टोकाला. पट्टा पुलीला सतत मागे ओढणार. त्यामुळे वरचा बुश मागून दाबला जातो आणि तरफेच्या न्यायाने खालचा पुढून. स्पिंडल फिरत असल्याने त्याची झीज सगळीकडे वाटली जाते. बुश मात्र जागेवर असतो, त्यामुळे तो एकाच जागी मार खातो. वर्षानुवर्षं, त्याच जागी.

म्हणजे पट्टा जितका घट्ट, तितका या मशीनचा स्पिंडल तिरका. बिटचं टोक पुढे येणार आणि भोक मशीन चालवणाऱ्याच्या बाजूला सरकणार.

रात्री जेवताना मी बाबांना सहज विचारावं तसं विचारलं, "तुमची भोकं कुठल्या बाजूला सरकायची हो?"

त्यांचा घास हातातच राहिला. "माझ्याकडे," ते म्हणाले. "नेहमी माझ्याकडेच. अण्णा म्हणायचे, तू जॉब स्वतःकडे ओढतोस."

पण मग एक प्रश्न उरत होता. याच मशीनवर अण्णांची भोकं सरळ कशी पडायची? उत्तर आत्याकडून मिळालं, फोनवर आणि तिच्याही नकळत. मी मशीन उघडलंय म्हटल्यावर ती म्हणाली, "अरे, आम्ही वर माजघरात बसून सांगायचो खाली कोण काम करतंय ते. अण्णा असले की पट्टा फटफट वाजायचा. तुझा बाबा असला की आवाज नाही. तो बिचारा रोज सकाळी पट्टा ताणून घ्यायचा, पुस्तकात लिहिलंय तसा."

अण्णा पट्टा सैल ठेवायचे. सैल पट्ट्याला ओढ कमी, त्यामुळे स्पिंडल आपल्या ढिल्या घरात मोकळा राहायचा. खोल पंच मारायचा, आधी बारीक बिट लावायचा, हलक्या हाताने दाबायचं, की बिट आपला आपण पंचच्या खड्ड्यात जाऊन बसतो. मशीन हळूहळू ढिलं होत गेलं आणि अण्णांचा हात त्याच्याबरोबर हळूहळू बदलत गेला. त्यांनी हे ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. बाबा मात्र नवे होते. त्यांनी नियमाप्रमाणे पट्टा घट्ट केला आणि मशीनचा सगळा दोष त्यांच्या भोकात उतरला.

आमच्या धंद्यात हे रोज घडतं. एखाद्याच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम नीट चालतो, कारण त्याने पूर्वी कधीतरी करून ठेवलेल्या चार जुगाडांचा त्याला स्वतःलाच विसर पडलेला असतो. नवीन मुलगा येतो, सगळं सूचनांप्रमाणे करतो, आणि प्रोग्रॅम कोसळतो. मग मीटिंगमध्ये सगळे त्या मुलाकडे बघतात. मीही बघितलंय.

आता बुश बदलायचे. लोहिया बाजारात गेलं की कुणीही चांगल्या खरादवाल्याचा पत्ता सांगतो. मला सापडले ते उस्ताद सत्तरीचे. त्यांनी स्लीव्ह हातात घेतली, खालचा बुश नखाने टोकरला आणि म्हणाले, "ये तो पहले भी खुल चुका है।"

बुश बाहेर काढायला फारसा जोर लागला नाही. खरं तर तो घट्ट बसलेला असायला हवा. त्याच्याभोवती पत्र्याची एक पट्टी गुंडाळलेली निघाली. बुश घरातच ढिला झाल्यावर तो पुन्हा घट्ट बसवायला कुणीतरी घातलेली पाचर. पट्टी दंतमंजनाच्या डब्याची होती. घासून काढल्यावर लाल रंग दिसला, आणि एका कडेला किंमत, तिच्याखाली छापलेला महिना: एप्रिल ८४.

मी ती पट्टी खिशात घातली.

काम तसं सरळ आहे, पण घाईचं नाही. ढिल्या बुशमुळे स्लीव्हचं आतलं घरही ओरबाडलेलं होतं. उस्तादांनी ते लेथवर थोडं साफ केलं आणि फॉस्फर ब्राँझच्या कांबीतून त्या घरापेक्षा ०.०३ मिलिमीटर जाड बुश कातले. एवढा फरक असला की बुश दाबून बसवल्यावर हलत नाही. बुश हातोडीने ठोकायचा नाही. स्लीव्हमधून एक लांब बोल्ट घालायचा, दोन्ही टोकांना जाड वॉशर लावायचे आणि नट आवळत बुश ओढून आत घ्यायचा. म्हणजे तो वाकडा जात नाही.

पहिला बुश मी बसवला. छान बसला. मी उस्तादांकडे अभिमानाने पाहिलं. ते म्हणाले, "और तेल कहाँ से जाएगा, बाबूजी?" स्लीव्हवरचं तेलाचं छिद्र एकीकडे आणि बुशवरचं पाव फेरा पलीकडे. तेल बुशच्या पाठीवर अडलं असतं आणि स्पिंडल कोरडा फिरला असता. बुश काढताना खराब झाला, पुन्हा नवा कातावा लागला. त्याचे पैसे मी दिले आणि बीईची पदवी मनातल्या मनात घडी करून ठेवली.

बुश दाबून बसला की त्याचं भोक किंचित आवळतं. म्हणून ते आधी थोडं लहानच ठेवायचं आणि बसवल्यावर रीमर फिरवून मापाला आणायचं. पाऊण इंची रीमर बाजारात आजही मिळतो. दोन्ही बुश एकाच लांब रीमरने, एकाच दमात साफ करायचे, म्हणजे त्यांची भोकं एका रेषेत येतात. नुसती मापं बरोबर असून भागत नाही. दोन बुश एका रेषेत नसतील तर स्पिंडल अडकतो. रीमर फक्त पुढे फिरवायचा, उलटा कधीच नाही. भोक झालं १९.०५, स्पिंडल १९.०३. मधले दोन शतांश मिलिमीटर तेलासाठी. म्हणजे थोडी ढिलाई लागतेच, पण ती मोजून.

सगळं जोडून डायल गेज पुन्हा लावला. ०.६ च्या जागी आता ०.०४.

त्या संध्याकाळी मी पत्र्याची पट्टी बाबांच्या समोर ठेवली आणि काय घडलं असावं ते सांगितलं. पुरावा काय म्हणतो तेवढंच सांगितलं. एप्रिल ८४ नंतर कधीतरी अण्णांनी मशीन उघडलं होतं. बुश ढिला आहे हे त्यांनी पाहिलं होतं. आणि इतका ढिला बुश काही एका वर्षात होत नाही.

बाबा पट्टी उलटसुलट करून बघत राहिले. "हे दंतमंजन आई वापरायची," एवढंच म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं आता उठून जातील.

"त्या वर्षी दिवाळीत अण्णांनी मला विचारलं होतं," ते म्हणाले, "बँकेला सुट्टी कधी असते म्हणून. मी म्हटलं, रविवारी. तर म्हणाले, दुकान रविवारीही उघडं असतं." थोडं थांबून म्हणाले, "मला तो टोमणा वाटला."

मी काही बोललो नाही. अण्णांना माफी मागता आली नसेल, बाबांना ती ऐकू आली नसेल. माझ्या हातात होता तो दंतमंजनाच्या डब्याचा पत्रा, आणि त्याच्यावर यापेक्षा जास्त काही लिहिलेलं नव्हतं.

आता थोडं कामाचं. तुमच्या घरी, गावच्या वाड्यात असं एखादं यंत्र पोत्याखाली असेल, तर भंगारात देण्याआधी ते एकदा हाताने हलवून बघा. वीज तोडून, स्पिंडल चारी बाजूंनी ढकलून. एकाच दिशेने जास्त हलत असेल तर बहुधा बुश झिजलेत, आणि ते बदलता येतात. कुणी "बेअरिंग टाकून देतो" म्हणालं तर आधी स्लीव्हच्या भिंतीची जाडी बघा. जुन्या मशीनमध्ये बहुतेक वेळा तेवढी जागाच नसते. तेलाचं छिद्र विसरू नका. चालवताना हातमोजे घालू नका, बिटमध्ये अडकतात. आणि जॉब हाताने न धरता शिकंज्यात पकडा.

आणखी एक सांगतो, ते यंत्रापुरतं नाही. घरात किंवा ऑफिसात नव्या माणसाचं काम बिघडलं आणि जुन्याचं त्याच जागी सुधारलं, तर लगेच हाताला दोष देऊ नका. जुना माणूस पट्टा सैल ठेवून काम करत नाही ना, ते आधी बघा. त्याचं त्यालाही कदाचित माहीत नसेल.

मशीन आता आमच्या फ्लॅटच्या खालच्या गॅरेजमध्ये आहे. तिथे आणल्यावर पहिल्या रविवारी बाबा खाली आले. जुन्या घराच्या दारावरची पितळी पाटी त्यांच्या हातात होती. तिचे खिळ्यांचे कोपरे फाटले होते, नव्या दारासाठी नवी भोकं हवी होती. त्यांनी खुणा केल्या, पंच मारला, पाटी शिकंज्यात धरली. मग त्यांचा हात सवयीने पट्ट्याकडे गेला आणि चाळीस वर्षांनी मध्येच थांबला.

"घट्ट करू?" त्यांनी विचारलं.

"करा," मी म्हणालो. "आता चालेल."

पाटी आमच्या दारावर आहे. दोन्ही भोकं खुणेवर आहेत. आणि रविवारी गॅरेज उघडं असतं.